रेल्वे इंजिनातील इंडक्शन मोटर : किंमत आणि कार्यक्षमतेचा मेळ

लखनऊ : रेल्वे इंजिनांची मानके ठरवणारी ‘आरडीएसओ’ ही संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली असून तिचे मुख्यालय येथे आहे.

जुन्या डब्ल्यूएजी-७ मालवाहू इंजिनातील डीसी मोटरचे ब्रश व कॉम्युटेटर झिजतात. देखभाल वारंवार करावी लागते. डब्ल्यूएजी-९ मधील थ्री-फेज इंडक्शन मोटरला हे दोन्ही भाग नसतात. मात्र तिचा वेग नियंत्रित करणारी इन्व्हर्टर यंत्रणा महाग असते. देखभालीतील बचत आणि ब्रेक लावताना तारेत परत जाणारी वीज यांतून हा खर्च भरून काढता येतो.

रोटरमध्ये तांबे वापरल्यास ऊर्जेचा ऱ्हास घटतो, पण किंमत वाढते. ॲल्युमिनियम स्वस्त असले तरी त्याचा विद्युतरोध अधिक असतो. त्यामुळे अखंड चालणाऱ्या मोटरची निवड करताना खरेदीच्या किमतीबरोबरच आयुष्यभराचा वीजखर्चही विचारात घ्यावा लागतो.