नारोशंकराची घंटा आली कुठून?

बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना पंचवटीत नेतो. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा झाली की गोदाकाठचं नारोशंकराचं मंदिर. वरची मोठी घंटा दाखवून आपण ठोकून सांगतो, "ही वसईची. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांना हरवलं, तेव्हा आणलेली." पाहुणे मान डोलावतात आणि मंडळी मिसळ खायला निघतात.

पण ही गोष्ट इतकी सरळ नाही बरं का!

मंदिराचं खरं नाव रामेश्वर. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी ते १७४७ मध्ये बांधलं. घंटेवर १७२१ हे साल आहे. ती पोर्तुगीज घडणीची, यावर सगळ्यांचं एकमत. मात्र इंग्रजांनी १८८३ मध्ये छापलेल्या नाशिकच्या गॅझेटियरमध्ये तिच्या येण्याच्या दोन कथा दिल्या आहेत. एक वसईची, दुसरी चक्क दिल्लीची!

वसईची बाजू भक्कम आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीला अशीच एक घंटा आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. आपलं मंदिर तर वसईनंतर आठच वर्षांनी उभं राहिलं.

पण दिल्लीची कथाही हसण्यावारी नेऊ नये. पानिपताच्या वेळी, १७६१ च्या जानेवारीत, दिल्ली सांभाळायला हेच नारोशंकर होते. पराभवाची बातमी आल्यावर त्यांनी दिल्ली सोडली. आता दिल्लीत पोर्तुगीज घंटा कशी असेल? तर मोगलांच्या काळात आग्रा-दिल्लीकडे जेझुइट पाद्री होते, त्यांची चर्चही होती. म्हणजे अशक्य काहीच नाही. फक्त मग मंदिर चौदा वर्षं या घंटेविना होतं, असं मानावं लागतं.

माझं मत विचाराल तर वसईच. तरी कोडं उरतंच. वसईच्या किल्ल्यात एक का चर्च होतं? आज छप्पर उडालेल्या त्या भिंतींपैकी नेमक्या कोणत्या मनोऱ्यात ही घंटा वाजत होती?

गंमत म्हणजे एवढं अवजड धूड घाट चढून आलं, ते काही फुकट आलं नसणार. बैल लागले असतील, माणसं लागली असतील, कुणीतरी मजुरी मोजली असेल. त्या खर्चाची एक ओळ हाती लागली, तर वाद एका दिवसात मिटेल. जुने नाशिककर सांगतात, १९६९ च्या महापुरात पाणी या घंटेपर्यंत पोचलं होतं. घंटा टिकली, तिची हकिकत मात्र वाहून गेली.

म्हणून कमिटीला एक विनंती. आपल्या गेटजवळचा कडुनिंब कुणी लावला, यावर पंचवीसच वर्षांत दोन मतं झाली आहेत आणि दोन्ही बाजू ठाम आहेत. लावणारे आणि पाहणारे अजून सोसायटीतच आहेत, तोवर त्यांना विचारून एका वहीत लिहून ठेवा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कुणाला कोडं घालायला नको!