पेटीचा क्लास आणि क्रिकेटचे मैदान

सरकारी नोकरीच्या निमित्ताने चंदीगडसारख्या दूरच्या गावी येऊन पडलेल्या मराठी माणसांची ओळख बहुधा दोन प्रश्नांनी पक्की होते. कोणत्या खात्यात आणि कोठून बदलून आलात, हा पहिला. आणि क्रिकेट पाहता ना, हा दुसरा. सामन्याच्या दिवशी कोणा एकाच्या क्वार्टरमध्ये आम्ही आठदहा जण जमतो, पहिला डाव संपतो, चहा होतो, आणि गप्पांची गाडी हटकून बालपणीच्या पेटीच्या नाहीतर तबल्याच्या क्लासावर येते. कोणी प्रारंभिक परीक्षा दिलेली असते, कोणी प्रवेशिकेच्या उंबरठ्यावरून परतलेला असतो, तर कोणाची मजल भूप रागाच्या पलीकडे गेलेली नसते. मात्र एक गोष्ट सर्वांच्या आठवणीत समान असते : क्लासाची वेळ आणि मैदानावर जाण्याची वेळ एकच होती. एप्रिल १९९८ मध्ये सचिन तेंडुलकरने शारजात लागोपाठ १४३ आणि १३४ धावा काढल्या, त्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या किती पेट्यांचे भाते मिटलेलेच राहिले असतील, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

ह्या आठवणींचा सूर शेवटी खंतीकडे झुकतो. दोन वर्षे शिकून सोडून दिले, फी फुकट गेली, हाती काहीच राहिले नाही, असे प्रत्येक जण म्हणतो. आम्हांला वाटते की, ह्या खंतीला इतिहासाचा आधार नाही. संध्याकाळचा हा क्लास कोणी, कोठे आणि कशासाठी निर्माण केला, हे पाहिले म्हणजे पेटी सोडून मैदानाकडे पळालेला मुलगाही त्या योजनेत वाया गेलेला नाही, असे दिसून येते. शिवाय आपण घरून बरोबर आणलेली म्हणून जी वस्तू समजतो, तिचे एक मोठे मूळ ह्याच पंजाबच्या मातीत आहे, हेही ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संगीत शिकणे म्हणजे गुरुगृही राहणे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, ती वर्षानुवर्षांची गुरुसेवा करून. ह्या मार्गाने जाणारा मनुष्य आयुष्यच त्या विद्येला वाहून टाकी. शाळेत जाणाऱ्या, पुढे कचेरीत चाकरी करणाऱ्या मुलाने दिवसातला एक तास गाण्याला द्यावा, अशी सोय त्यात नव्हती. आणि पांढरपेशा घरांना गाण्याबजावण्याचा व्यवसाय प्रतिष्ठेचाही वाटत नव्हता.

ही सोय प्रथम जेथे होऊ लागली, तेथेच क्रिकेटही रुजत होते, हा योगायोग मोठा बोलका आहे. मुंबईत पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. १८८६ साली पारशी संघ इंग्लंडला जाऊन खेळून आला. त्याच समाजातील कैखुश्रू काबराजी ह्यांनी १८७० साली गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली. सभ्य गृहस्थांनी फावल्या वेळात संगीत शिकावे व ऐकावे, हा तिचा हेतू. लहानपणी बासरी व पुढे सतार शिकलेले विष्णू नारायण भातखंडे १८८४ साली ह्या मंडळीत दाखल झाले, आणि वकिलीचे शिक्षण घेता घेता आयुष्यभराच्या संशोधनाचा पाया त्यांनी तेथे घातला. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. बडोद्यात १८८६ साली मौलाबक्षांची शाळा सरकारी आश्रयाखाली सुरू झाली. खेळ आणि संगीत ह्या दोन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच काळात, एकाच नव्या शहरी वर्गाच्या संध्याकाळीत शिरल्या. कचेरी सुटल्यावरचा आणि शाळा सुटल्यावरचा मोकळा वेळ ही मुळात नवी वस्तू होती. तिच्यावर दोघांनी एकदमच हक्क सांगितला.

परंतु हे प्रयत्न त्या त्या शहरापुरते होते. ठरलेल्या इयत्ता, छापलेली पुस्तके, परीक्षा, आणि गावोगाव तशाच शाळा काढणारे शिक्षक, हे सर्व एकत्र आले ते विष्णू दिगंबर पलुसकरांमुळे. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या ह्या मुलाचे डोळे लहानपणी दारूकामाच्या अपघाताने अधू झाले. शाळेचे शिक्षण थांबले, आणि मिरजेस बाळकृष्णबुवांकडे त्याचे संगीतशिक्षण सुरू झाले. संस्थानाचा आश्रय होता, पण गवयाला समाजात मान नाही हे शल्य मनात होते. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. काठेवाडात तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचे धाडस केले. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे करीत ते पंजाबात आले. आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले.

ही शाळा कोणा राजाच्या नव्हे, तर लोकांच्या पैशावर चालली. फी, देणग्या आणि स्वतः बुवांच्या मैफलींचे उत्पन्न, ह्यांवर तिचा गाडा. वेळापत्रक होते, इयत्ता होत्या, स्वरलिपीत छापलेली क्रमिक पुस्तके होती. त्यासाठी स्वतःचा छापखाना होता आणि वाद्यांच्या दुरुस्तीचा कारखानाही होता. नोकरीधंदा सांभाळून येणाऱ्यांसाठी वर्ग होतेच. शिवाय शिक्षक तयार करण्यासाठी उपदेशक वर्ग होता. त्यातील मुले करारपत्र लिहून देऊन नऊ वर्षे राहत, शिकत, आणि पुढे दुसऱ्यांना शिकवीत. मिरजेचे विनायकराव पटवर्धन १९०७ साली, वयाच्या नवव्या वर्षी, असेच लाहोरला पोहोचले. त्या काळी मिरजेहून लाहोरपर्यंतचा रेल्वेप्रवास आणि तेथली थंडी नऊ वर्षांच्या मुलाला कशी वाटली असेल, ह्याची कल्पना बदलीवर उत्तरेत आलेल्या आमच्यासारख्यांना सहज करता येते.

१९०८ साली मुंबईत शाखा निघाली. पुढे कर्जापायी तिची इमारत लिलावात गेली, आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस बुवांनी देह ठेवला. संस्था कोसळली असे लोकांना वाटले असेल; पण शिष्य उभे होते. त्याच वर्षी त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. १९३२ साली विनायकरावांनी पुण्यात विद्यालय काढले. नागपुरात शंकरराव सप्रे शिकवीत होते. मुंबईत बा. र. देवधरांनी १९२५ पासूनच स्कूल ऑफ इंडियन म्युझिक चालवले होते. कुमार गंधर्व तेथेच वाढले. ह्यातूनच गल्लीबोळांतले, वाड्यांच्या माडीवरचे आणि शाळांच्या रिकाम्या वर्गांतले क्लास निघाले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही पायरी ज्यांनी चढली वा अर्ध्यावर सोडली, त्या आम्हां सर्वांचे क्लास त्या लाहोरच्या शाळेचेच दूरचे वंशज होत.

महाराष्ट्राला ह्याच काळात दोन देवधर लाभले, हेही येथे सांगण्याजोगे आहे. एक हे संगीताचे देवधर, दुसरे दि. ब. देवधर, पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी १९२६ साली गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत १४८ धावा काढल्या, आणि पुढे १९३९-४० व १९४०-४१ ह्या दोन्ही वर्षी महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला. ह्या दोघांच्या उदाहरणाने मध्यमवर्गीय आईबापांची एक भीती कमी झाली. गाण्याने किंवा खेळाने मुलगा बिघडतोच असे नाही, हे विद्वान आणि सभ्य माणसांकडे बोट दाखवून सांगता येऊ लागले.

आता वाद्याकडे वळू. आमच्यापैकी बहुतेकांचे पहिले वाद्य पेटी. आणि पेटी ही परदेशी. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ ह्याने १८४२ साली हार्मोनियमचे हक्क नोंदवले. मूळचा भाता पायाने चालवण्याचा. तो हाताने चालवून मांडी घालून वाजवता येईल असे रूप तिला कलकत्त्यात द्वारकानाथ घोष ह्यांनी दिले. मराठी संगीत नाटकाने पेटीला आणि पायपेटीला घराघरांत नेले. ऑर्गनच्या सुरांवर गंधर्व मंडळीची पदे ऐकलेल्या पिढीला हे वाद्य परके वाटणे शक्यच नव्हते.

तथापि दिल्लीला ते परके वाटले. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवर बंदी केली. तिच्या ठरलेल्या स्वरांतून श्रुती आणि मींड निघत नाही, हा आक्षेप. आणि त्यात रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचा आवाजही होता. ही बंदी १९७१ पर्यंत, म्हणजे सुमारे तीस वर्षे, टिकली. त्या काळातल्या मुलाची स्थिती मोठी चमत्कारिक होती. क्लासात तो जे वाद्य शिकत होता ते रेडिओवर निषिद्ध होते, आणि ज्या खेळासाठी क्लास बुडवीत होता त्याचे धावते वर्णन त्याच रेडिओवरून घरात येत होते. ह्यातही एक पोटभेद आहे. १९५२ ते १९६२ ह्या काळात नभोवाणीमंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ; शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी. चित्रपटगीते त्यांनी रेडिओवरून हटवली आणि १९५४ साली रेडिओ संगीत संमेलन सुरू केले. पण क्रिकेट ही इंग्रजांच्या संस्कृतीबरोबर मावळणारी वस्तू आहे, असे त्यांचे मत होते. काळाने उलटाच निवाडा दिला. क्रिकेट गेले नाही आणि पेटीही गेली नाही. दोन्ही परदेशातून आल्या, आणि दोन्हींना येथल्या हातांनी इतके वळवले की, मूळच्या मालकांनी त्या ओळखाव्यात की नाही अशी शंका यावी.

खेळ आणि वाद्य ह्यांचे वैर मुळात खरे आहे काय, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर ते केव्हाच मिटले. एप्रिल १९४१ मध्ये शिकागोच्या रिग्ली फील्ड मैदानावर ऑर्गन वाजवण्यात आला, आणि पाहता पाहता तो त्या खेळाचा भाग बनला. सातव्या डावाच्या मध्यावर सारे प्रेक्षक उभे राहून १९०८ सालचे एक बेसबॉलगीत गातात. त्या हजारोंमध्ये बालपणी कोणाच्या तरी दटावणीने पियानोच्या शिकवणीला बसलेली आणि मन मैदानावर ठेवून आलेली माणसे कमी नसतील. ऑर्गनचे पहिले सूर कानी पडताच त्यांची बोटे गुडघ्यावर आपोआप हलत असतील, तर तो अनुभव आम्हांला परका नाही.

आमच्याकडेही ह्या दोन प्रेमांची गाठ एकदा चंदीगडच्या निमित्ताने पडली. ह्या शहरात जन्मलेला आणि येथील सेक्टर १६ च्या मैदानावर घडलेला कपिलदेव जून १९८३ मध्ये विश्वचषक घेऊन परतला, तेव्हा नियामक मंडळाकडे खेळाडूंचा यथोचित गौरव करण्याइतका पैसा नव्हता. ऑगस्टमध्ये दिल्लीत लता मंगेशकरांनी गाण्याचा कार्यक्रम केला, आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला १ लाख रुपये मिळाले. दीनानाथांच्या घरात बालपणीच तंबोऱ्याशी बसलेली ही गायिका क्रिकेटची निस्सीम भक्त होती.

पण आम्हां कारकुनांना अधिक जवळचे उदाहरण वसंतराव देशपांड्यांचे. नागपुरात सप्रे गुरुजींच्या वर्गात त्यांनी बालपणी धडे घेतले. पुढे लाहोरला जाऊन असद अली खाँसाहेबांकडून पंजाबची गायकी घेतली. आणि मग काय, तर पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात अनेक वर्षे कारकुनी! डिसेंबर १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले, तेव्हा खाँसाहेब आफताब हुसेन ह्या भूमिकेत त्यांनी जे गायिले, त्यात लाहोरचा वाटा होता आणि फायलींच्या ढिगाऱ्यात जपून ठेवलेल्या संध्याकाळींचाही होता.

सर्वच वसंतराव होत नाहीत, हे खरे. पण विष्णू दिगंबरांना तशी अपेक्षाही नव्हती. माझ्या शाळेतून तानसेन निघाले नाहीत तरी कानसेन निघतील, ह्या आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. ते नम्रतेचे बोल नसून हिशेबी माणसाचे बोल आहेत, असे आम्हांला वाटते. राजाश्रय जाणार हे त्यांनी ओळखले होते. उद्याच्या गवयाला पोसणार तो तिकीट काढून येणारा श्रोता. आणि चांगला श्रोता तोच, ज्याने कधी तरी स्वतः सा लावण्याची धडपड केली आहे. क्रिकेटप्रेमीला हे वेगळे सांगायला नको. मैदानावर अकरा खेळतात आणि हजारो पाहतात; पण ज्याने गल्लीत का होईना बॅट धरली आहे, त्यालाच उसळत्या चेंडूवर मारलेल्या स्क्वेअर कटची किंमत कळते. दोन वर्षे तीनताल धरलेल्या हाताला समेवर येण्यातला आनंद असाच कळतो, आणि तो जन्मभर पुरतो. तेव्हा फी फुकट गेली असे म्हणण्याचे कारण नाही.

आज प्रश्न आमच्या मुलांचा आहे. दर तीनचार वर्षांनी बदली, नवी शाळा, नवी भाषा; त्यात क्लास कशाला, असे घरोघरी म्हटले जाते. वस्तुतः ही परीक्षापद्धती बदलीच्या माणसासाठीच जणू घडवली आहे. तिची केंद्रे देशभर असल्यामुळे एका गावी प्रवेशिका झालेला मुलगा दुसऱ्या गावी मध्यमेला बसू शकतो. आणि पंजाब ही संगीतात काही ओसाड भूमी नव्हे. जालंधरचा हरिवल्लभ संगीतमेळा १८७५ पासून भरतो. भास्करबुवा बखल्यांना आणि विष्णू दिगंबरांना तेथे प्रेमाने ऐकले गेले, आणि १९३५ साली दत्तात्रेय विष्णू पलुसकर हा चौदा वर्षांचा पितृहीन मुलगा त्याच व्यासपीठावर गायिला. चंदीगडातच १९५६ पासून प्राचीन कला केंद्र शिकवण्याचे आणि परीक्षांचे काम करीत आहे.

लाहोर आता सीमेपलीकडे आहे. अमृतसरपासून सुमारे ५० किलोमीटर, तरीही आम्हांला तेथे सहज जाता येत नाही. परंतु कुरुंदवाडच्या एका अधू डोळ्यांच्या माणसाने तेथे जे रुजवले, ते पुण्यानागपुरास फळले आणि आमच्यापर्यंत आले. ते पुढल्या पिढीकडे पोहोचवण्यास मुलाने विशारदच व्हावे, असे नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याला पेटीपुढे बसवावे, उरलेल्या संध्याकाळी खुशाल मैदानावर सोडावे, आणि दोन्हींकडून तो उशिरा घरी आला तर फार रागावू नये.