‘दलित’ कोणाला म्हणावे?

मुंबईत १९७२ साली नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुण लेखकांनी उभारलेल्या ‘दलित पँथर’ या संघटनेचे नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ या, १९६६ साली ओकलंड येथे स्थापन झालेल्या पक्षावरून घेतलेले होते. वंशभेद आणि जातिभेद या व्यवस्था एकरूप नसल्या, तरी त्यांतील साम्याची जाणीव महाराष्ट्राला नवी नव्हती. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला होता.

खरा वाद पेटला तो १९७३ च्या जाहीरनाम्यातील ‘दलित’ या शब्दाच्या व्याख्येवरून. अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्ध, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेले लोक, यांच्याबरोबरच कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांनाही तिने सामावून घेतले. ढाले यांना या मांडणीत मार्क्सवादाचा शिरकाव दिसला आणि बौद्ध अस्मितेचा आंबेडकरी पाया त्यामुळे ढासळेल, असे त्यांना वाटले. ढसाळांच्या दृष्टीने मात्र सर्व शोषितांना जोडल्यावाचून समतेचा लढा अपुराच होता. हा केवळ व्यक्तींचा कलह मानणे अन्यायाचे ठरेल, कारण धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० पर्यंत नाकारल्या गेल्या होत्या आणि स्वतःला कोणत्या नावाने ओळखावे, या प्रश्नाशी शिक्षण व नोकरी थेट बांधलेली होती. ढसाळ १९७४ मध्ये संघटनेबाहेर पडले. ढाले व पवार यांनी १९७७ मध्ये ती बरखास्त केल्याचे जाहीर केले.