मास्टोसायटोसिस : त्वचेवरील डाग आणि रक्ताचा कर्करोग

त्वचेवर उमटणारे तांबूस-तपकिरी डाग नेहमी केवळ त्वचेच्याच विकाराचे लक्षण असतात असे नाही. मास्टोसायटोसिस या दुर्मिळ विकारात अशा डागांचे मूळ अस्थिमज्जेत असू शकते.

मास्ट पेशींचे वर्णन जर्मन वैज्ञानिक पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये केले. या पेशींचा उगम अस्थिमज्जेत होतो आणि पुढे त्या त्वचा, आतडी, श्वसनमार्ग अशा ठिकाणी स्थिरावतात. ॲलर्जीच्या वेळी हिस्टामाइन हे द्रव्य त्यांच्यातूनच स्रवते. या पेशींची संख्या प्रमाणाबाहेर वाढणे म्हणजे मास्टोसायटोसिस होय. डाग चोळल्यास तेथे खाज सुटून गांध उठते. या लक्षणास 'डारिए चिन्ह' असे म्हणतात.

बालकांमध्ये हा विकार बहुधा त्वचेपुरताच मर्यादित राहतो व अनेकदा पौगंडावस्थेपर्यंत ओसरतो. प्रौढांमध्ये मात्र अस्थिमज्जाही बाधित झालेली आढळते. अशा बहुसंख्य रुग्णांच्या पेशींत 'केआयटी' जनुकातील 'डी८१६व्ही' हा बदल दिसून येतो. हा बदल सहसा आनुवंशिक नसतो.

बहुतेक प्रौढ रुग्णांचा आजार सौम्य राहतो. काही रुग्णांना मात्र त्यासोबत क्रॉनिक मायलोमोनोसायटिक ल्युकेमियासारखा रक्ताचा कर्करोगही होतो. अनेकदा दोन्ही आजारांच्या पेशींत हाच जनुकीय बदल सापडतो, कारण त्या एकाच मूळ पेशीपासून निर्माण झालेल्या असतात. मास्ट पेशींचा ल्युकेमिया हा प्रकार अत्यंत विरळ, परंतु गंभीर आहे.

निदानासाठी त्वचेची बायोप्सी, रक्तातील ट्रिप्टेजची पातळी आणि आवश्यकतेनुसार अस्थिमज्जेची तपासणी केली जाते. ट्रिप्टेज प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅमपेक्षा अधिक असणे हा निदानाच्या निकषांपैकी एक आहे. 'डी८१६व्ही' बदल असल्यास इमॅटिनिब हे औषध सहसा उपयोगी ठरत नाही. वाढलेल्या आजारासाठी अमेरिकेत मिडोस्टॉरिन या औषधास २०१७ मध्ये, तर अ‍ॅव्हाप्रिटिनिबला २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

मधमाशी वा गांधीलमाशीच्या दंशाने या रुग्णांना तीव्र ॲलर्जी होऊन जिवास धोका संभवतो. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना आजाराची माहिती देणेही आवश्यक आहे. डाग दिसताच कर्करोगाची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र प्रौढ वयात उमटलेले व चोळताच फुगणारे डाग साधे पित्त समजून दुर्लक्षित न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखविणे हिताचे ठरते.