दिनविशेष : १८ नोव्हेंबर

१८८४ : जीवशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा मालवण येथे जन्म. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असताना त्यांना सह्याद्रीत गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. ही प्रजाती तोवर फक्त आफ्रिकेत आढळली होती. एका तरुण कोकणी अध्यापकाचा हा शोध आजही थक्क करतो. पुढे ते वनस्पतिशास्त्राकडे वळले. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अडकले, स्थानबद्ध झाले, तरी बर्लिनची डॉक्टरेट मिळवूनच परतले. कलकत्ता विद्यापीठात घोष अध्यासनाचे प्राध्यापक म्हणून त्यांची कारकीर्द दीर्घ. निवृत्तीनंतर विसावा न घेता १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे ते संस्थापक-संचालक झाले. निधन २ सप्टेंबर १९६०. संस्थेच्या संशोधन केंद्राला १९९२ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.