नृत्याला पदवी कशाला?

नृत्यात बीए-एमए करून पुढे काय, हा घराघरांतला प्रश्न. त्यावर नोकरीचं उत्तर तयार असतं, पण ते मला अपुरं वाटतं. नृत्य विद्यापीठात आलं ते त्याचं जुनं घर मोडत असताना. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि मद्रासमध्ये १९४७ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. प्रथा जायलाच हवी होती. तिच्याबरोबर या कलेचा सांभाळ करणाऱ्या बायका मात्र विखुरल्या. पुढे १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्याचा विभाग निघाला, १९५६ मध्ये खैरागडला कलांचं स्वतंत्र विद्यापीठ उभं राहिलं. संशोधनाची शिस्त नृत्याला काय देते हे पाहायचं तर केरळच्या मोहिनीआट्टम या नृत्यशैलीकडे पाहावं. नर्तकी कनक रेळे केरळात गेल्या, कुंजुकुट्टी अम्मांसारख्या वृद्ध नर्तकींचं नृत्य त्यांनी फिल्मवर टिपलं, त्याची शास्त्रग्रंथांशी सांगड घातली आणि १९७७ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्या वृद्धांच्या अंगात उरलेलं त्यांच्याबरोबरच संपलं असतं, ते आता पुन्हा पुन्हा पाहता येतं, त्यावर वादही घालता येतो.

यावर गुरुमुखी विद्येचे कैवारी म्हणतील, वर्गात कुठं नाच येतो? खरं आहे, सहा महिन्यांच्या सत्रात तत्कार, म्हणजे कथकचं मूलभूत पदकाम, तेसुद्धा पायात मुरत नाही. पण हे दोन मार्ग एकमेकांचे वैरी नाहीत. कथक नर्तकी रोहिणी भाटे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकल्या, आणि त्यांनी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथक शिकवलंही. त्या केंद्राच्या नावापुढे कंसात ‘गुरुकुल’ आहे. शिवाय वर्गाची स्वतःची देणगी आहेच: सोळा मात्रांचा तीनताल, समेवर म्हणजे पहिल्या मात्रेवर फुली, नवव्या मात्रेवर खालीचं शून्य, असा तुकडा वहीत उतरवताना गुरूनं ‘असंच’ म्हणून दिलेली तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला बोल, समेवर कशी येते, हे विद्यार्थिनीला स्वतः मोजावं लागतं.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. विद्यापीठांनी ‘शास्त्रीय’ची रेघ ओढली आणि लावणीचा फड बहुतेक रेघेबाहेर राहिला. लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या अदाकारीवर आज कुणीही प्रबंध लिहू शकेल. पण तीच अदाकारी शिकवायला फडातली बाई आली, तर पदव्युत्तर पदवी आणि प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा नसताना तिची जागा बहुधा पाहुण्या कलाकाराचीच.