डिस्क्रिशन (विवेक)

बरे-वाईट, योग्य-अयोग्य वेगळे करून पाहणारी बुद्धी या अर्थाचे इंग्रजी भाववाचक नाम. मराठी पर्याय : विवेक, तारतम्य, प्रशासनाच्या भाषेत स्वविवेक, स्वेच्छाधिकार.

व्युत्पत्ती : लॅटिन ‘डिस्’ (अलग) आणि ‘केर्नेरे’ (चाळणे) मिळून ‘डिस्केर्नेरे’, त्यापासून ‘डिस्क्रेतिओ’. चौदाव्या शतकात हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत रुळला. चाळणीचे लॅटिन नाव ‘क्रीब्रुम’ याच कुळातले. सेक्रेटरी (मुळात वेगळे काढलेले, म्हणून गुप्त) आणि सर्टिफिकेट (पारखून पक्के ठरलेले) हेही त्याच गोतावळ्यातले.

संस्कृत समांतर : ‘विवेक’ म्हणजे वि + विच्. ‘विच्’ म्हणजे वेगळे करणे, विशेषतः धान्य भुसापासून. दोन्ही धातू स्वतंत्र, पण कल्पना एकच. ऋग्वेदातील ज्ञानसूक्तातही (10.71) सातू चाळावा तशी ज्ञाते वाणी शुद्ध करतात.

अर्थविस्तार : इंग्रजी शब्दाला पुढे ‘नियमांच्या चौकटीत स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार’ हा अर्थ चिकटला. संस्कृत शब्द वेदान्ताकडे वळला. तेथे नित्य काय व अनित्य काय हे निवडणे म्हणजे विवेक. दासबोधाच्या बाराव्या दशकाचे नावच ‘विवेकवैराग्य’ आहे.

बीड जिल्ह्याचा संदर्भ : मराठीतील आद्य ग्रंथांत गणल्या जाणाऱ्या ‘विवेकसिंधु’च्या नावातच हा शब्द आहे. या ओवीबद्ध अद्वैतग्रंथाचा काळ परंपरेने शके 1110 (इ.स. 1188) मानतात. कर्ते मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाईजवळच्या डोंगरदरीत दाखवली जाते. ग्रंथ येथे रचला की विदर्भातील अंभोऱ्यास, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

शब्दाचे मूळ रूप मात्र ज्वारीच्या खळ्यावर पाहावे. वावडीवर उभे राहून माल वाऱ्यावर उपणला की भूस उडून पुढे जाते, दाणा पायाशी पडतो. घरी तोच दाणा सुपात येतो : पाखडला की फोलपट उडते, घोळला की खडा वेगळा होतो. मळणीयंत्राने वावडी अडगळीत टाकली. खडा निवडायला सूप अजून लागतेच. विवेक सुपातला, डिस्क्रिशन चाळणीतले, एवढाच काय तो फरक.